उघडा पत्रा थांबत नाही

ती रंगाच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या काखेत एक निळी गुंडाळी होती. लांबून पाहणाऱ्याला ती चटई वाटली असती. जवळून पाहणाऱ्याला मेणकापड. प्रत्यक्षात तो रंग होता. ह्याच दुकानातून डब्यात भरून नेलेला आणि आता गुंडाळून परत आणलेला.

"हा घ्या तुमचा रंग," म्हणत तिने ती गुंडाळी काउंटरवर आपटली. रंग आपटला तरी आवाज होत नाही, ह्याचाही तिला राग आला. "एकदाच वापरलाय. अगदी नव्यासारखा आहे."

काउंटरमागच्या तरुणाने हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं, गुंडाळीचं एक टोक उलगडलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं.

"अख्खाच्या अख्खा निघाला?"

त्याच्या आवाजात कौतुक होतं. ही त्याची चूक झाली. म्हणजे दुसरी. पहिली चूक काउंटरवर पसरलेली होती.

"मी तुम्हाला विचारलं होतं, अॅल्युमिनियमच्या होडीला हा चालतो का? तुम्ही म्हणालात, चालतो. चालला की! होडी पुढे आणि रंग मागे, असा धक्क्यापासून पार तलावाच्या मध्यापर्यंत चालत आला. आमचं सगळं घर काठावर उभं राहून बघत होतं. काका तर टाळ्या वाजवत होते... हसताय तुम्ही?"

"नाही, नाही—" तो खरंच हसत नव्हता. पण त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची खोड होती आणि ती प्रसंग बघून पडत नसे. "खरं सांगू का? मी दुकानदार नाही. दुकान मामांचं आहे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी आपला बसतो. तुम्ही आलात तो माझा पहिला दिवस. तुम्ही पहिल्याच गिऱ्हाईक."

"आणि एरवी काय करता? लोकांच्या होड्यांची वाट लावायची नसते तेव्हा?"

त्याने घसा साफ केला. "मिक्सर, पंखे, इस्त्र्या... ह्यांच्या खोक्यात एक कागद असतो बघा. 'वापरण्यापूर्वी नीट वाचा' म्हणून. तो मी लिहितो."

तिने काउंटरवरच्या गुंडाळीवर बोट टेकवलं.

"आणि डब्यावर काय लिहिलं होतं?"

"ते... वाचायचं राहून गेलं."

तिच्या घरी तिला 'शिट्टी' म्हणत. कुकरच्या शिट्टीवरून. ती चिडली की काका स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "दुसरी झाली हो! गॅस बारीक करा!" मग सगळे हसत. लहानपणापासून तिचा राग हा त्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम होता. ती कशावरून चिडली, हा प्रश्न कार्यक्रमात बसत नसल्यामुळे कुणी विचारत नसे. त्यामुळे हा माणूसही आता एक तर दात काढेल, नाहीतर 'शांत व्हा मॅडम' म्हणेल, अशी तिची खात्री होती. 'शांत व्हा'साठी तर तिने खास उत्तर राखून ठेवलं होतं.

"तुम्ही रागावलात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मीही रागावलो असतो. रविवारी येतो. उरलेला रंग मी खरवडून देतो."

समोरच्याने चूक कबूल केली की राग उतरतो, असं शहाणी माणसं सांगतात. तिचा चढला. कारण तो आता ठेवायचा कुठे हेच तिला कळेना.

"पत्ता लिहून घ्या!" ती खेकसली.

होडी बाबांची. शेड मात्र बाबांची आणि काकांची, निम्मी निम्मी. इतकी वर्षं निम्म्या शेडमध्ये होडी पालथी पडून होती आणि उरलेल्या निम्म्यात काकांचा 'लागेल कधीतरी' ह्या सदरातला पसारा. आता काकांनी नवी गाडी नोंदवली होती आणि गाडी निम्म्यात मावणारी नव्हती. काकांचं काहीच निम्म्यात मावत नसे.

"होडी कसली, पत्र्याचा डबा आहे तो," काकांनी जेवताना जाहीर केलं होतं. "भंगारवाल्याशी बोललोय मी."

बाबांनी ताटाकडे पाहिलं. मोठा भाऊ बोलायला लागला की बाबा ताटाकडे पाहत. ताट नसेल तर चपलांकडे. ह्याच होडीत त्यांनी मुलीला वल्हवायला शिकवलं होतं. तलावाच्या मध्यावर, जिथे काकांचा आवाज पोहोचत नसे, तिथे हे बाबा चक्क गात. बेसूर, पण मोकळ्या गळ्याने. हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. पाठीचं दुखणं सुरू झालं, होडी पालथी झाली, आणि गाणंही तिच्याखाली गेलं.

तेव्हा तिने ताट सरकवून सांगितलं की होडी भंगारात जाणार नाही. ती रंगवणार आणि पुन्हा पाण्यात उतरवणार.

"तू?" काकांना ठसका लागला. ती दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करायची. "अगं, ते बत्तीस दात रंगवण्याइतकं सोपं नाहीये! बरं, बोललीसच आहेस तर ऐक. गाडी येईल त्या दिवशी होडी रंगवलेली दिसली तर शेड होडीची. पण घरच्या हातांनी. बाहेरचा माणूस लावलास तर खेळ खलास. कबूल?"

"कबूल!"

"तिसरी शिट्टी," काका काकूंना म्हणाले. "भात झाला."

रविवारी तो आला. हातमोजे, खरवडायची पट्टी, पॉलिश पेपरची गुंडाळी आणि एक नवा डबा घेऊन. काका गॅलरीतून बघत होते. हा बाहेरचा माणूस नव्हे का, असं तिनेच वर जाऊन, खाली मान घालून विचारलं, तेव्हा काकांनी त्याची पट्टी धरण्याची पद्धत थोडा वेळ निरखली.

"खरवडणं चालू दे," ते म्हणाले. "ह्याला कारागीर म्हटलं तर कारागीर मोर्चा आणतील."

तो मात्र अभ्यास करून आला होता. नवा डबा चारही बाजूंनी वाचला होता. शिवाय मामांची बोलणीही खाल्ली होती. "ते म्हणाले, अॅल्युमिनियमला थेट रंग विकलास? लेका, दुकान चालवतोयस की सूड उगवतोयस?"

"मला मामा आवडले," ती म्हणाली.

"तर मुद्दा असा—" त्याने बोट वर केलं. "पत्रा घासून चकचकीत केला की हवा लागून त्याच्यावर लगेच एक पातळ थर धरायला लागतो. डोळ्यांना दिसत नाही. पण रंग मग त्या थरावर बसतो, पत्र्यावर नाही, आणि पहिल्या पाण्यात थरासकट उठतो. म्हणून घासायचं आणि त्याच दिवशी, काही तासांच्या आत, ह्या डब्यातला प्रायमर मारायचा. तो पत्र्याला घट्ट धरतो. मग त्याच्यावर हवा तो रंग. उघडा पत्रा थांबत नाही."

"हे वाक्य मामांचं?"

"माझं. मामा म्हणाले, 'उशीर केलास तर परत घास, गाढवा.'"

तिला हसू आलं. ते तिने खोकल्यात घालवलं.

मग दोघं घासायला बसली. पालथ्या होडीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. मधे तो पत्र्याचा उंचवटा, त्याच्यावर ओळीने रिव्हेटची डोकी. खर्र... खर्र... निळ्या चिंध्या निघत गेल्या, त्याखालचा कधीचा हिरवा रंग निघाला, आणि त्याच्याखालून हळूहळू पत्रा उजळायला लागला. हवेत करडी भुकटी तरंगत होती. तिच्या भुवयांवर, त्याच्या केसांवर, चहाच्या कपांवर. दुपारपर्यंत दोघं एकदम म्हातारी दिसायला लागली.

"तुम्ही रात्री झोपेत दात खाता," ती अचानक म्हणाली.

"आं?"

"सुळे झिजलेत तुमचे. दोन्हीकडचे."

त्याने होडीवरून मान वर काढली. "म्हणजे तुम्ही... माझ्या दातांकडे बघत होता?"

"माझं कामच आहे ते."

"रविवारी?"

 तिने पॉलिश पेपर उगाचच उलटा करून घासला. मग बऱ्याच वेळाने, पत्र्याकडे बघत म्हणाली, "दिवसा रागावत नाही ना माणूस, की रात्री दात खातो. जरा दिवसा चिडत जा. सुळे वाचतील."

"तुमचे सुळे चांगले असणार मग."

"उत्तम आहेत," ती म्हणाली आणि ते दाखवले. धमकी म्हणून. पण भुकटीने पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यावर ते भलतंच काहीतरी दिसलं, आणि पलीकडची खर्र खर्र मिनिटभर बंद पडली.

त्या रविवारी प्रायमर लागलाच नाही. कारण पत्रा उघडा झाल्यावर, डबा उघडण्याआधी, त्याने विचारलं की वरचा रंग कुठला द्यायचा.

"निळा. आणखी कुठला?"

"निळं पाणी, निळी होडी. उलटली तर शोधायची कशी?"

"उलटणार का आहे?"

"उलटणार आहे असं नाही म्हटलं मी. म्हटलं, नारिंगी बरा दिसेल. लांबून दिसेल."

"होडी आहे ती, गाजर नाही!"

भांडण सुरू झालं आणि त्याला कसं कोण जाणे, रंगच चढत गेला. निळ्यावरून ते आकाशावर गेलं, आकाशावरून तिच्या शाळेच्या गणवेशावर, तिथून त्याने लिहिलेल्या एका सूचनेवर, जिच्यामुळे म्हणे तिच्या आईने इस्त्री फ्रीजजवळ ठेवायचं सोडलं होतं. भानावर आली तेव्हा शेडमध्ये दिवा लावायची वेळ झाली होती. पत्रा तसाच लखलखत होता. पण आता त्याच्यावर तो न दिसणारा थर बसला असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"परत घासावं लागणार," तो म्हणाला. चेहरा दुःखी होता. खळी नव्हती.

"तुमच्यामुळे!"

"पुढच्या रविवारी येतो."

"यायलाच पाहिजे!"

पुढच्या रविवारी वाद कडेची पट्टी कुठून घासायची ह्यावर झाला. त्यातही दिवस गेला. त्यानंतरच्या रविवारी ती सकाळी उठल्या उठल्या भांडणासाठी विषय शोधत बसली आहे, हे तिचं तिलाच उमगलं, आणि त्याचा तिला जो राग आला, त्याला तोड नव्हती.

मग काकांच्या गाडीचा फोन आला. शनिवारी मिळणार. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेत एका वृद्धाश्रमाचं काम येऊन पडलं. तीसेक म्हातारी माणसं दातांवाचून खोळंबली होती. तिने त्याला फोन केला आणि ओरडली. गाडी येतेय, काका जिंकणार, होडी भंगारात जाणार, हे सगळं तुमच्या त्या गाजरामुळे. शेडची किल्ली आईकडे आहे. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्यांचे दात घडवायला गेली. स्वतःचे आवळून.

शुक्रवारी संध्याकाळी ती शेडमध्ये आली आणि दारातच थबकली.

होडी निळी होती. आरशासारखी. ब्रशचा एक ओरखडा नाही, एक ओघळ नाही. सगळ्या रिव्हेटच्या डोक्यांवर रंग कसा साईसारखा बसला होता. शेजारी तो उभा होता. बक्षीस घ्यायला स्टेजवर चढलेल्या मुलासारखा.

"स्प्रेवाल्याला बोलावलं," तो म्हणाला. "कॉम्प्रेसर घेऊनच आला. काल प्रायमर, आज रंग. म्हटलं, तुम्ही दमून येणार... आणि निळाच दिलाय. बघा."

"छान झालंय हो!" मागून काका आले. त्यांच्या हातात कार्ड होतं. "मी त्या कारागिराचा नंबरही घेतला. आपलं फाटक त्याच्याकडूनच रंगवून घेऊ. सफाईदार काम! बाहेरच्या माणसाचं काम ते बाहेरच्या माणसाचं." त्यांनी मोठ्या प्रेमाने होडीवर थाप मारली. "भंगारवाल्याला उद्या संध्याकाळी यायला सांगतो."

काका गेले. ती तशीच उभी. तिने नेहमीप्रमाणे ओरडायला पाहिजे होतं.  डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ह्या पाण्याइतका राग तिला आजवर कुणाचाच आला नव्हता.

"घरच्या हातांनी," ती शेवटी म्हणाली. "अट होती ती. बाहेरचा माणूस लावला की संपलं. तू संपवलंस."

"अट? कसली अट? मला कुणी—"

"मी सांगितलं होतं! हजारदा सांगितलं!"

"ओरडली होतीस," तो म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. त्या आवाजाला चढायची सवय नव्हती, मधेच एकदा चिरकला. "पहिल्या दिवसापासून ओरडतेयस. काका जिंकणार, काका हसणार, होडी जाणार! अट काय आहे हे एकदा तरी सांगितलंस? सूचना लिहिणारा माणूस आहे मी. वाक्यात सांगितलं असतंस तर कळलं असतं! तीन रात्री झोपलो नाही मी. तुझी होडी जाईल म्हणून!"

"मग जा झोप आता!"

"जातो!"

तो गेला. जाताना त्याने शेडचं दार आपटलं. पत्र्याचं दार असल्यामुळे आवाज चांगला झाला. अहो-जाहो दोघांचंही कधी गळून पडलं, ते त्या भरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी आई चहा घेऊन आली तेव्हा लेक थिनरने भिजवलेलं फडकं आणि पट्टी घेऊन होडीवर तुटून पडली होती. रंग अजून कोवळा होता. भराभर उठत होता. तो आरशासारखा निळा लगदा होऊन जमिनीवर पडत होता.

"अगं, चांगला दिलेला रंग..." आई म्हणाली.

"घरच्या हातांनी," ती म्हणाली. इतकंच.

दारात बाबा उभे होते. ते कितीतरी वेळ लेकीच्या हातांकडे बघत राहिले. मग निघून गेले.

दुपारपर्यंत निळा गेला, मग खालचा प्रायमर. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली. अख्खी होडी उघडी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण एक आहोत आणि होडी लांब आहे. काकांची गाडी संध्याकाळी. एका हाताने टोकापासून टोकापर्यंत प्रायमर मारेपर्यंत पलीकडच्या टोकाचा पत्रा झाकोळून जाणार. खूप चिडावंसं वाटलं. पण ऐकायला कुणी नव्हतं, आणि नुसत्या पत्र्यावर चिडण्यात काही मजा नसते.

दार करकरलं.

तो दारात होता. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. हातात दोन ब्रश.

"मी अजून चिडलेला आहे," त्याने आधीच सांगितलं.

"मीसुद्धा."

"ठीक. मग भांडायचं असेल तर हात चालू ठेवून भांडू. उघडा पत्रा थांबत नाही."

तिने बघितलं. क्षणभरच. मग डब्याचं झाकण उचकटलं.

तो पुढच्या टोकाला गेला, ती मागच्या. प्रायमरचा पोपटी-पिवळा रंग दिसायला अगदी भिकार होता. आजारी माणसाच्या जिभेसारखा. पण तो पत्र्याला असा धरत होता की ब्रश ओढताना हाताला कळत होतं.

"चांगला रंग काढून टाकलास," तो तिकडून म्हणाला. "त्या रंगाने काय वाकडं केलं होतं तुझं?"

"तुझ्या स्प्रेवाल्याने केलं होतं. बाबा त्या होडीत गायचे. तू ऐकलं नाहीस कधी. काकांसमोर ह्या घरात एक माणूस बोलत नाही. सगळ्यांच्या वाटणीचं मी चिडते, आणि सगळे मलाच हसतात." ब्रश थांबला नव्हता. "ही होडी मी रंगवली असती तर निदान एकदा... एकदा तरी कुणाला हसता आलं नसतं. हे वाक्यात सांगितलं. कळलं?"

"कळलं."

ब्रश पुढे सरकत होते. इकडून एक हात, तिकडून एक हात.

"मलाही एक वाक्यात सांगायचंय," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी तू विचारलंस, अॅल्युमिनियमला चालतो का. मला माहीत नव्हतं. 'मामांना विचारून सांगतो' म्हणालो असतो, तर तू पलीकडच्या दुकानात गेली असतीस. ते... मला नको होतं. म्हणून म्हणालो, चालतो."

"म्हणजे तू मुद्दाम—?" तिचा ब्रश पहिल्यांदाच हवेत थांबला. "एक मिनिट बघितलं होतंस तू मला! एक मिनिट!"

"डब्याकडे बघायला हवं होतं. मान्य आहे. पण डबा काय, रोज दिसणार होता."

"माझी होडी सोललीस तू त्यापायी! अख्ख्या घरासमोर!"

"हो. आणि प्रत्येक रविवारी घासली. आणि तो रंगाचा वाद... नारिंगी मला काही एवढा आवडत नाही. पण वाद नसता तर प्रायमर लागला असता. प्रायमर लागला असता तर पुढच्या रविवारी मी काय सांगून आलो असतो?" तो आता अगदी जवळ आला होता. मधे हातभर पत्रा उरला होता. "आवडतेस तू मला. चिडलेली, ओरडणारी... भुकटीतली. झालं. आता बोल."

ती काही बोलणार, तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला.

नव्या गाडीचा होता. लांबलचक. काका पेढा तोंडात असल्यासारखे उतरले, शेडपाशी आले आणि थांबले.

"हा काय अवतार? आणि रंग कुठाय? ही काय कावीळ झालीय होडीला?"

"प्रायमर आहे."

"प्रायमर म्हणजे रंग नव्हे. आणि हा परत इथे? काल बाहेरचा माणूस लावलास, आज हा! अट काय होती? घरच्या हातांनी. मग हा कोण?" त्यांनी त्याच्याकडे बोट केलं. "सांग ना. कोण आहे हा?"

आई दारात आली. काकू गॅलरीत. बाबा अंगणाच्या कोपऱ्यात, चपलांकडे बघत. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू जमायला लागलं होतं. शिट्टी आता होईल, मग होईल.

तिने त्याच्याकडे पाहिलं. नाकावर पोपटी ठिपका. खळी नाही. हा माणूस उभ्या आयुष्यात एकदा दिवसाढवळ्या चिडला, तोही तिच्यासाठी.

"घरचा आहे," ती म्हणाली. अगदी हळू. "घराला अजून माहीत नाही, एवढंच."

काकूंच्या हातातला कप बशीवर वाजला. त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. काकांनी आधी हसून बघितलं, पण त्यांना साथ द्यायला कुणीच हसेना.

"असं कसं? उद्या कुणालाही घरचा म्हणशील! ते काही नाही, काढा ती होडी. मी गाडी आत घेतोय."

"दादा."

आवाज कुणाचा हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला. बाबा कोपऱ्यातून पुढे आले होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते चपलांकडे बघत नव्हते.

"प्रायमर ओला आहे," बाबा म्हणाले. "गाडीने धूळ उडेल. गाडी बाहेर लाव."

"अरे पण—"

"बाहेर लाव म्हणतो ना! आज बाहेर, उद्या बाहेर. पोरीने सकाळपासून हात सोलवटलेत, मी बघितलेत. शेड निम्मी माझी आहे आणि निम्मीचंही राहू दे, आज सगळी माझी आहे. लाव बाहेर!"

काका गाडीत बसले. बहुधा आश्चर्यानेच. गाडी मागे घेताना काच खाली करून त्यांनी काकूंना विचारलं, "ही शिट्टी कुणाची?"

त्यावर कुणीच हसलं नाही. म्हणजे काकू थोड्या हसल्या, पण काकांच्या बाजूने नाही.

शेडमध्ये हातभर पत्रा अजून उघडाच होता. तिने खाली पडलेला ब्रश उचलला, पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"बघत काय बसलायस? थांबतो का तो?"

दोघांनी मिळून तेवढं झाकलं. एकाच जागी दोन ब्रश. सांध्यावर एक ओघळ राहिला. नंतरही राहिलाच. कुणी तो घासला नाही.

वरचा रंग नारिंगी दिला. त्याला एवढा आवडत नाही हे कळल्यावर तिने तोच हट्टाने निवडला.

रंग पुरता वाळल्यावर होडी पाण्यात उतरली. पुढे बाबा बसले, पाठ टेकून, तोंड समोरच्या पाण्याकडे. मधे ती, वल्ही घेऊन. मागे तो, दोन्ही हातांनी कड पकडून. पोहता येत नसल्याचं त्याने होडी धक्क्यापासून पुरेशी लांब गेल्यावर सांगितलं.

"हे आधी सांगता येत नव्हतं?" ती भडकली.

"घाबरलो होतो."

"कशाला? बुडायला?"

"तुला."

मागे पाण्यावर काहीच तरंगत नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा वळून खात्री करून घेतली. त्याने नखाने कडेचा रंग हळूच खरवडून पाहिला.

"खरवडू नकोस!"

"टिकतोय का बघत होतो."

"टिकेल. तळ तेवढा दर वर्षी घासावा लागतो. घासायचं, प्रायमर, मग एक हात." ती वल्ह्याकडे बघत होती. कान मात्र बाबांसारखे लाल झाले होते. "दर वर्षी. एकटीच्याने होत नाही ते. तू येणार असशील तर सांग, नाहीतर मी... आत्ताच्या आत्ता सांग."

"दर वर्षी?"

"ऐकू येत नाही का? दर वर्षी!"

"भांडणासकट?"

"भांडणाशिवाय मी पॉलिश पेपरला हात लावणार नाही."

खळी पडली. ह्या वेळी प्रसंग बघून.

"लिहून देऊ का?" त्याने विचारलं.

"काही नको. तू लिहिलेलं कुणी वाचत नाही."

तो हसला, तीही हसायला लागली, आणि होडी जराशी डोलली. पुढे बाबांनी मान वळवली नाही. त्यांनी फक्त घसा साफ केला. धक्क्यावर उभे असलेले काका एव्हाना मुंगीएवढे झाले होते. तलावाचा मध्य आला होता.

बाबा गायला लागले. बेसूर होतं. मोकळ्या गळ्याने होतं. तिने वल्ही वर उचलून धरली, म्हणजे पाण्याचा आवाज मधे यायला नको.